पट्टीला घाई नसते

ऑटोमॅटिक गाडी लाल दिव्यापाशी उभी असते. इंजिन चालू, गिअर 'डी'वर, उजवा पाय ब्रेकवर. डाव्या पायाला कामच नाही, कारण क्लचचं पेडल नाही. क्लचच्या गाडीत गिअर टाकून ठेवून असं थांबलं तर एक हिसका बसेल आणि इंजिन गप्प होईल. इथे मात्र इंजिन फिरत राहतं, चाकं थांबून राहतात, आणि या दोघांच्या मधला ताण तेलाने भरलेला, कडेने वेल्डिंग केलेला एक गोल डबा सोसत असतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात तो हा. मला या डब्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्याहून जास्त, तो गिअरबॉक्सवर बसवताना जी पाच-दहा मिनिटं जातात त्यांच्याबद्दल.

डब्याच्या आत पात्यांची दोन चाकं जात्याच्या दोन तळ्यांसारखी समोरासमोर असतात. फरक एवढाच की या तळ्या एकमेकींना कधी टेकत नाहीत. एक चाक कवचालाच आतून जोडलेलं असतं आणि कवच इंजिनाबरोबर फिरतं. हा इम्पेलर. त्याची पाती तेलाला कडेकडे भिरकावतात. ते तेल समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं, त्यांना ढकलतं आणि कडेकडून मध्याकडे येत बाहेर पडतं. टर्बाइनच्या मध्यात गिअरबॉक्सचा दांडा अडकवलेला असतो, म्हणून टर्बाइन फिरलं की दांडा फिरतो. गाडी उभी असताना टर्बाइन थांबलेलं असतं. तेल त्याच्यावर आदळत राहतं, गरम होत राहतं, पण काही मोडत नाही.

एवढंच असतं तर ते नुसतं जोडण झालं असतं. खरी करामत तिसऱ्या चाकाची आहे. टर्बाइनमधून निघणारं तेल उलट्या दिशेची फिरत घेऊन निघतं. ते तसंच इम्पेलरवर परत गेलं तर इंजिनालाच अडवेल. म्हणून दोघांच्या मध्ये स्टेटर नावाचं छोटं चाक बसवतात. ते एका स्थिर नळीवर, एकाच दिशेला फिरू देणाऱ्या क्लचवर उभं असतं. तेल आदळतं तेव्हा ते मागे हटत नाही, आणि त्याच्या वाकड्या पात्यांवरून तेल वळून इंजिन फिरतं त्याच दिशेने इम्पेलरमध्ये शिरतं. गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ दुप्पट किंवा त्याहून थोडा जास्त होऊन टर्बाइनला मिळतो तो यामुळे. फुकट काही मिळत नाही, वेग सोडून पीळ मिळतो आणि काही शक्ती उष्णतेत जाते. पण ही वाढ कुठून येते याचा हिशेब मांडला की दिसतं, ती त्या न हलणाऱ्या चाकाच्या टेकूतून येते. टर्बाइनचा पीळ म्हणजे इम्पेलरचा पीळ अधिक स्टेटरने गिअरबॉक्सच्या कवचावर टाकलेला भार. जो उभा राहिला त्याने भर घातली. मला यंत्रशास्त्रातली फार थोडी समीकरणं इतकी आवडली आहेत. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या वेगाच्या जवळ आला की तेल स्टेटरच्या पाठीवर आदळू लागतं, तो क्लच सुटतो आणि स्टेटर इतरांबरोबर निमूट फिरू लागतो. पुढे हमरस्त्यावर आजच्या गाड्यांत आतला लॉक-अप क्लच टर्बाइनला कवचाशी घट्ट धरतो, म्हणजे घसरण आणि तापणं दोन्ही वाचतं.

हे यंत्र गाडीसाठी जन्मलेलंच नाही. हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता श्टेटिन इथल्या व्हुल्कान जहाज-कारखान्यात होता. श्टेटिन आता पोलंडमध्ये आहे. त्या काळी वाफेची टर्बाइन जहाजांत येऊ लागली होती. टर्बाइनला फार वेगाने फिरायचं असतं आणि जहाजाच्या पंख्याला सावकाश. एवढी शक्ती झेलणारे दातेरी गिअर तेव्हा हाताशी नव्हते. वाफेच्या टर्बाइनने पंप चालवायचा, पंपाच्या पाण्याने दुसरं टर्बाइन फिरवायचं आणि त्याने पंखा, हा मार्ग सुचत होता. पण मधल्या नळ्यांत आणि वळणांत शक्ती वाया जायची. फ्योटिंगरने नळ्याच काढून टाकल्या. पंपाचं चाक आणि टर्बाइनचं चाक एकाच कवचात तोंडासमोर तोंड ठेवलं. त्याचं पेटंट 1905 चं. ही रचना बसवलेलं 'क्योनिगिन लुईझ' हे जहाज 1913 मध्ये तयार झालं आणि पहिल्या महायुद्धात 5 ऑगस्ट 1914 रोजी बुडालं. त्या युद्धात जर्मन नौदलाने गमावलेलं ते पहिलं जहाज. नंतर चांगले दातेरी गिअर आले आणि जहाजांनी हा मार्ग सोडला. जमिनीवर मात्र तो टिकला. अमेरिकेत 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आला, त्यात नुसतं तेलाचं जोडण होतं, स्टेटर नव्हता. स्टेटरसकट खरा टॉर्क कन्व्हर्टर मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत आला तो 1948 मध्ये, ब्यूकच्या डायनाफ्लोमधून. फ्योटिंगर 1945 च्या एप्रिलमध्ये बर्लिनमध्ये गेला, शहरात लढाई चालू असताना.

आपल्याकडेही हे यंत्र मोटारीच्या आधी रेल्वेत रुजलं. मनमोहन सुरी या रेल्वे अभियंत्याने डिझेल इंजिनांसाठी तेलाचं आणि यंत्राचं मिश्र ट्रान्समिशन रचलं. 1962 चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या डब्ल्यूडीएस-4 इंजिनांत सुरी ट्रान्समिशन होतं, आणि अशी हायड्रॉलिक ट्रान्समिशन पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने बनवली. मालधक्क्यावर शंटिंग बघत मोठी झालेली अनेक मराठी मुलं नकळत टॉर्क कन्व्हर्टरच बघत होती. मोटारींत तो सर्रास दिसायला बरीच वर्षं जावी लागली. आजही 'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत तो असतो असं नाही. 2014 मध्ये सेलेरिओ या गाडीबरोबर आलेला एएमटी हा साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला हातापायांऐवजी यंत्र असतं. ज्यांना स्वयंचलित गाडी घ्यायची आहे त्यांनी विक्रेत्याला हा फरक विचारावा. घाटात चढावर थांबून पुन्हा निघताना तो पायाला कळतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजात माझं जाणं-येणं आहे. तिथल्या मुख्य मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्याकडे एकदा एक ऑटोमॅटिक गाडी टोइंग करून आली. मालक पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातले निवृत्त शिक्षक. लहानपणी पोलिओ होऊन डावा पाय अधू झालेला. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून, एसटीची पायरी कशीबशी चढून त्यांनी नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली, कारण तिला डावा पाय लागत नाही. ज्या वस्तूकडे बाकीचे लोक आरामाची सोय म्हणून बघतात, तिच्यामुळे हा माणूस साठीनंतर पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडला होता. गुरुजी आणि गाडी असं मी वेगळं करून बघूच शकलो नाही.

गाडीचं तेल गळत होतं म्हणून दुसऱ्या गावी एका गॅरेजात गिअरबॉक्स उतरवून पुढचं ऑइल सील बदललं होतं. काम साधं आणि गरजेचं. पण गिअरबॉक्स परत चढवून इंजिन सुरू केलं तेव्हा कर्कश आवाज आला आणि गाडी ना पुढे जाईना ना मागे. मामांनी गिअरबॉक्स खाली घेतला, कन्व्हर्टर ओढून काढला आणि त्याच्या हबची कडा बॅटरीच्या उजेडात धरली. कडेवर दोन जागी दाबल्याचे चकचकीत ठसे होते. गिअरबॉक्सचा तेलपंप उघडला तर आतल्या चाकाचे दोन्ही कान तुटलेले, आणि तेलात धातूची चमकी.

काय झालं होतं ते समजायला कन्व्हर्टर बसतो कसा ते समजलं पाहिजे. कन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक आखूड नळी असते, तिला हब म्हणतात. गिअरबॉक्सच्या तोंडातून एकात एक अशा दोन गोष्टी बाहेर आलेल्या असतात: मध्ये बारीक काप पाडलेला दांडा, आणि त्याच्याभोवती काप पाडलेली स्थिर नळी. कन्व्हर्टर त्यांच्यावर सरकवताना तीन ठिकाणी जुळणी व्हावी लागते. दांड्याचे काप टर्बाइनच्या कापांत, नळीचे काप स्टेटरच्या आतल्या कापांत, आणि हबच्या टोकाच्या खाचा तेलपंपाच्या कानांत. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. कन्व्हर्टर स्वतःच सगळं झाकून टाकतो. दोन्ही हातांनी त्याला पेलायचं, पोटात तेल असल्याने तो चांगलाच जड लागतो, सरळ रेषेत ठेवायचा, हलका दाब देत थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे फिरवायचा. काप जुळले की तो जरासा आत उतरतो आणि हाताला खट् लागतं. पुन्हा फिरवायचा, पुन्हा खट्. मग तिसऱ्यांदा, बहुधा सगळ्यात हट्टी, पंपाची जुळणी. तिसऱ्या खटक्याला तो बोटभर, कधी त्याहूनही कमी आत जातो.

तेवढं बोटभर अंतर राहिलं तर कन्व्हर्टर बसल्यासारखा वाटतो. हलवला तर डगमगत नाही. फिरवला तर फिरतो. दोन खटके ऐकलेला माणूस समाधानाने गिअरबॉक्स इंजिनाला भिडवायला घेतो. मग बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं घंटेसारखं तोंड, आणि इंजिन यांच्यात फट राहते. ती फट हीच धोक्याची सूचना असते, कारण सगळं जागेवर असेल तर बेल हाउसिंग डॉवेल पिनांवरून हाताने सरकून इंजिनाला टेकली पाहिजे. पण हातात पाना असतो. बोल्ट लावले, फेऱ्याफेऱ्याने आवळले, फट मिटते. बारा मिलिमीटरचा एक बोल्ट नीट आवळला तर काही टनांची ओढ देतो, आणि इथे असे कितीतरी. ती ओढ जाते कुठे? कन्व्हर्टर मागे ढकलला जातो, हबची कडा पंपाच्या कानांवर दाबली जाते. ही पंपाची चाकं पुष्कळदा धातूची पूड दाबून, भाजून बनवलेली असतात. त्यांच्या आणि खोबणीच्या मधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजतात. ती इतका दाब सोसू शकत नाहीत. इंजिन फिरलं की कान तुटतात. पंप मेला की दाब नाही, दाब नाही तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच धरत नाहीत, आणि गाडी जागची हलत नाही.

मी मामांकडे बघत होतो. मला वाटलं, आता ते त्या दुसऱ्या मिस्त्रीला शिव्या घालणार. ते म्हणाले, "त्या गड्याचं हात काय वाईट न्हाईत. दोनदा खट् झाल्यालं त्यानं ऐकलं असणार. तिसरं ऱ्हायलं, ते बोल्टांनी केलं."

पंप नवा मागवला. कन्व्हर्टरचं पोट बंद असतं. आत गेलेली चमकी धुवून निघेल याची खात्री देता येत नाही, म्हणून तो लेथवर कापून, आतून साफ करून, पुन्हा वेल्डिंग आणि बॅलन्स करणाऱ्याकडे पाठवला. तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या धुतल्या. जुनी चमकी तिथे दडून बसली तर नवा पंप खाईल. या सगळ्यात दिवस गेले. गुरुजींचा फोन यायचा. मामा त्यांना प्रत्येक वेळी झालेलं आणि राहिलेलं काम नावानिशी सांगायचे. 'होईल की' असं मोघम उत्तर त्यांनी एकदाही दिलेलं मी ऐकलं नाही.

मग बसवण्याचा दिवस. मामांनी हबवरून नख फिरवून पाहिलं, कुठे ओरखडा लागतो का. त्या गुळगुळीत पृष्ठावरच सील फिरतं. एक ओरखडा आणि तेल पुन्हा गळणार. सीलच्या ओठाला थोडं पेट्रोलियम जेली. कन्व्हर्टरमध्ये जवळजवळ लिटरभर लाल तेल ओतलं, म्हणजे पहिल्या फेऱ्यांना पंप कोरडा राहणार नाही. गिअरबॉक्स तोंड वर करून उभा केला, तसा उभा असला की कन्व्हर्टरचं वजनच मदत करतं. मग फिरवायला सुरुवात. पहिला खटका लगेच. दुसराही. तिसऱ्याला त्यांनी बराच वेळ घेतला. जोर कधीच वाढवला नाही. मान थोडी तिरकी, नजर समोरच्या भिंतीवर. गॅरेजातला रेडिओ चालूच होता. हे ऐकण्याचं काम कानांचं नसतं, तळव्यांचं असतं. मग तो उतरला. उतरलेला मलाही बाजूला उभ्याने कळला.

हाताच्या या जाणतेपणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कुंभाराचा हात, सुताराचा हात, सुईणीचा हात. ते सगळं खरं आहे. पण त्या दिवशी मला जे खरं मोलाचं वाटलं ते यानंतर घडलं. तिसरा खटका सगळ्यांनी अनुभवला होता, आणि तरी मामांनी बेल हाउसिंगच्या तोंडावर एक सरळ पोलादी पट्टी आडवी टाकली, दुसऱ्या पट्टीने कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतची खोली मोजली. एका जागी, मग अर्धा फेरा फिरवून समोरच्या जागी. मॅन्युअलमधला आकडा आधीच हाउसिंगवर खडूने लिहून ठेवला होता. त्याच्याखाली मोजलेला आकडा लिहिला. दोन्ही जुळले तेव्हा त्यांनी पुढच्या कामाला हात घातला.

गॅरेजात नवा आलेला एक पोरगा होता. त्याने विचारलं, "मामा, तुमच्या तर हातालाच कळतंय. मग पट्टी कशाला लावता?"

"हाताला घरला जायची घाई असती," मामा म्हणाले. "पट्टीला नसती."

हे मी नंतर कितीतरी वेळा मनात घोळवलं. नवख्याला पट्टी लागते हे कोणीही कबूल करील. पण दुसरा खटका चुकून तिसरा म्हणून ऐकण्याचा धोका नवख्यापेक्षा जाणत्याला जास्त असतो, कारण त्याचा हात अनेकदा बरोबर ठरलेला असतो आणि बरोबर ठरण्याची त्याला सवय झालेली असते. हाताला जे व्हावं असं वाटतं, ते झाल्यासारखं हाताला जाणवू शकतं. संध्याकाळ झालेली आहे, गिऱ्हाईक खोळंबलं आहे, कमरेत कळ आहे. अशा वेळी दोन खटके तीन वाटतात. कारागिरीचं आपण केलेलं कौतुक स्पर्शापाशी थांबतं याचं मला वाईट वाटतं. ज्याचा स्पर्श पक्का झालेला आहे आणि तरीही जो स्वतःच्या स्पर्शाची तपासणी करून घेतो, तो कारागीर माझ्या लेखी मोठा. पट्टी ही अविश्वासाची खूण नाही. गुरुजी पन्हाळ्याच्या चढावर एकटे असतील तेव्हा त्यांच्या बाजूने कोणीतरी मोजलेलं आहे, एवढाच तिचा अर्थ.

राहिलेलं काम लवकर झालं. गिअरबॉक्स इंजिनाला हाताने भिडला, पिनांवरून सरकून पूर्ण टेकला, एकही बोल्ट न आवळता. मग मामांनी खालच्या खिडकीतून बोट घालून कन्व्हर्टर फिरवून पाहिला. तो मोकळा फिरला, आणि इंजिनाच्या ज्या चकतीला तो बोल्टांनी जोडतात त्या फ्लेक्स प्लेटपासून साधारण तीन मिलिमीटर मागे होता. हे अंतर असायलाच हवं. ते नसेल तर कुठेतरी काहीतरी अडलेलं असतं. बोल्ट लावताना कन्व्हर्टर तेवढा पुढे घेतला जातो, आणि आत पंपाचे कान हबच्या खाचांत पुरेसे शिल्लक राहतात. तेल भरलं, इंजिन सुरू केलं, आणखी तेल घातलं, ब्रेक धरून गिअरचा दांडा प्रत्येक जागी थांबवत फिरवला, तेल गरम झाल्यावर पातळी पुन्हा पाहिली. आवाज नव्हता. गुरुजी स्वतः चालवत गाडी घेऊन गेले.

वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स कधी उतरवायची वेळ आली, तर काम चालू असताना मिस्त्रींना आदराने विचारा: मामा, कन्व्हर्टरची खोली किती आली? मॅन्युअलमध्ये किती आहे? जे मोजतात त्यांना हा प्रश्न आवडतो. आणि उत्तर द्यायला त्यांनी उद्या सकाळपर्यंतचा वेळ मागितला, तर तो द्या.